अजून दोघं बसतेत

ताई,

आम्ही चौघी नववीत आहोत. गाव धारूर तालुक्यात, शाळा सहा किलोमीटरवर. जाणं-येणं काळीपिवळीनं. जीपमधल्या जागेवरून आमची नावं पडलीत. मी ड्रायव्हरमामाजवळ बसते म्हणून गिअर. दुसरी खिडकी. तिसरी कायम कुणाच्या तरी मांडीवर, म्हणून मांडी. चौथी मागं दप्तरांच्या ढिगावर, ती डिक्की.

पावसाळ्यात आम्ही या जीपवर एक हसायचं गाणं केलं. ध्रुवपद असं:

सरका की मामी, सरका की मामा,
अजून दोघं बसतेत!

प्रत्येक कडव्याला माणसं वाढत जातात. शेवटी टपावर शेळी चढते. ध्रुवपद डिक्कीचं, आणि सगळ्यात जास्त हसवणारं कडवंही तिचंच:

मांडीवर मांडी, मांडीवर पेंडी,
पेंडीच्या मागं गुरुजींची शेंडी

दसरा झाला आणि डिक्की आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. ती आता पाडव्याच्या आसपास येईल. स्नेहसंमेलन जानेवारीच्या शेवटी आहे. सर म्हणाले, स्टेजवरचा माईक नीट चालत नाही, गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा, स्पीकरवर लावू, तुम्ही वर हावभाव करा.

आता रोज भांडणं. मांडी म्हणते, डिक्कीच्या ओळी आपण वाटून घेऊ. खिडकी म्हणते, ‘बसतेत’ काढून ‘बसतात’ करा, नाहीतर पाहुणे हसतील. खिडकीच्या भावानं एका गाजलेल्या सिनेमागाण्याचा कराओके आणलाय, त्यावर बसवा म्हणतो, मग तो यूट्यूबवर टाकणार. डिक्कीनं लावलेली चाल तिच्या आईच्या जात्यावरच्या ओवीची आहे, ती जरा गावठी वाटते. मांडीनं ड्रायव्हरमामावर एक कडवं केलंय. मामा बोलताना अडखळतात, तसंच म्हणायचं. सगळे लई हसतात. काय ठेवावं, काय काढावं? रेकॉर्डिंग कसं करावं तेही सांगा.

सरांनी यादीत ‘गीतलेखन’ म्हणून माझं एकटीचं नाव टाकलंय, कारण वही माझ्या अक्षरात आहे.

— गिअर, इयत्ता नववी

गिअरबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा शेळी टपावर चढेपर्यंत हसत होते. दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीपाशी थांबले. बाकी सगळं तू विचारलंस आणि ही एक गोष्ट नुसती ठेवून दिलीस, दप्तराच्या तळाशी लपवलेल्या प्रगतिपुस्तकासारखी. म्हणून मी तिथूनच सुरू करते.

वही तुझ्या अक्षरात आहे, कबूल. पण अक्षरावरून मालकी ठरत असती तर तहसीलसमोर बसून अर्ज लिहून देणाऱ्यांच्या नावावर अख्ख्या तालुक्याच्या जमिनी झाल्या असत्या. गाणं चौघींचं आहे आणि त्याचा कणा डिक्कीचा आहे, हे तूच मला लिहून कळवलंयस. मग सरांना सांगायला काय झालं? मला वाटतं, सरांनी नाव लिहिलं तेव्हा तुला बरं वाटलं असणार. त्यात काही पाप नाही. मलाही बरं वाटलं असतं. फक्त दोन दिवसांत सांगून टाकायचं होतं ते राहून गेलं, आणि राहून गेलेली गोष्ट रोज जड होत जाते.

मी आठवीत असताना आम्ही तिघींनी गॅदरिंगला रॉकेलच्या रांगेवर गाणं केलं होतं. रेशनवर रॉकेल यायचं त्या दिवशी रांगेत माणसांच्या आधी डबे उभे असायचे, त्यावर. त्यात ‘डबा’ला जोडून ‘आबा’ मी आणला होता. लई हुशारीचं यमक नव्हतंच ते, डबा म्हटलं की आबा शेंबड्या पोरालाही सुचावा. पण माईकवरून गाणं एकाच मैत्रिणीचं म्हणून जाहीर झालं. आता आम्हा दोघींनाही नातवंडं झाली, एकमेकींच्या घरी जेवतो, आणि अजूनही ती ‘माझं ते रॉकेलचं गाणं’ म्हणाली की माझ्या घशात घास अडतो. आबासाठी! एवढ्याशा आबासाठी. तुमच्या डिक्कीचं तर अख्खं ध्रुवपद आहे.

कायदा तुला हवाच असेल तर तोही ऐक. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि तो नववीतल्या पोरींच्या गाण्यालाही लागू होतो. नोंदणी करावीच लागते असं नाही, लिहिलं की हक्क आलाच. चौघींनी मिळून केलेल्या कामात कुणाचं काम कुठं संपलं हे वेगळं काढता येत नसेल तर ते सगळ्यांचं सामाईक. वर, हे मी केलंय असं सांगण्याचा लिहिणाऱ्याचा हक्क त्याच कायद्यात वेगळा ठेवलाय. उद्या गाणं कुणाला विकून टाकलं तरी तो लिहिणाऱ्याकडेच राहतो.

तेव्हा उद्या मधल्या सुट्टीत सरांकडे जा. लांबण लावू नकोस, एक चिठ्ठीच दे: शब्द चौघींचे (चौघींची खरी नावं), ध्रुवपद डिक्कीचं, चाल डिक्कीच्या आईच्या ओवीची. सरांना कुठं माहीत होतं? त्यांनी वही बघितली आणि नाव लिहिलं.

त्याच संध्याकाळी डिक्कीला फोन. सरांनी आधी माझं नाव लिहिलं होतं, मी बदलून आले, हे तू स्वतःच्या तोंडानं सांग. आपल्या गावच्या टोळीत कोण कुणाला काय कळवतं याला धरबंध नसतो. तिला ते फडात दुसऱ्या कुणाकडून कळलं तर पुढचं सगळं अवघड होईल. मग विचार, आम्ही हे गाणं म्हणू का? इथं ‘का’ खरा लागला पाहिजे, म्हणजे ‘नको’ आलं तर ऐकायची तयारी हवी. नको म्हणाली तर ते गाणं पाडव्यानंतर, ती आल्यावर काळीपिवळीतच म्हणा, आणि जानेवारीला दुसरं काहीतरी बसवा. पण ती नको म्हणेल असं मला वाटत नाही. ती विचारेल, ‘माझी वळ कोण म्हणणार?’

तिची ओळ तिनंच म्हणायची. मांडीचं वाटून घेणं इथं बाद. तुमच्याकडे स्टेजवर गायचंच नाहीये, रेकॉर्ड करून आणायचंय. मग चौघी एका खोलीत असायलाच हव्यात असं कुठाय? आवाज पोचला म्हणजे झालं.

आता ते जमवायचं कसं. ऊसतोडीचा दिवस तुला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल. पहाटे अंधारात फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी भरायला कधी येईल याला घड्याळ नसतं, रात्रीची सुद्धा येते. कोपीत लाईट असेलच असं नाही, मोबाईल कुठंतरी दुकानात चार्जिंगला लावलेला असतो. म्हणून ‘रविवारी चार वाजता लाईव्ह जोडू’ असले बेत करू नका. तिला एक छोटी फाईल पाठवा. तिच्यात आधी तानपुऱ्याचा सूर (फुकट ॲप मिळतं), मग ठेका, मग तुमच्यापैकी एकीच्या आवाजात ध्रुवपद एकदा म्हणून दाखवलेलं. ती सवडीनं ऐकेल, पाठ करेल, आणि जमेल तेव्हा मोबाईलच्या रेकॉर्डरवर नुसती ओळ म्हणेल. मागं काही वाजवायचं नाही. सुरुवातीला ठेक्यात तीन टाळ्या मारायला सांगा, म्हणजे तुम्हाला तिची लय धरून ओळ बसवता येईल. पाच-सहा वेळा म्हणू दे, चांगली आपण निवडू.

व्हॉट्सॲपवर माईकचं बटण दाबून पाठवलेला आवाज फार आवळला जातो. रेकॉर्डरमधली फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की जशीच्या तशी येते. एवढं एक तिला नीट समजावून सांग.

मागं ट्रॅक्टर ऐकू येईल, कुणीतरी हाक मारेल, कुत्रं भुंकेल. येऊ द्या. जीपच्या गाण्याला मागं ट्रॅक्टर काय वाईट? पण एक करू नका. तिचा आवाज आला की मध्ये दुःखी बासरी घालायची, पडद्यावर कोयत्याचा फोटो लावायचा, निवेदकानं गळा काढून ‘आमची कष्टकरी मैत्रीण’ म्हणायचं, असलं सरांनी सुचवलं तरी नाही म्हणा. ती विनोदी गाण्यातली सगळ्यात विनोदी पोरगी आहे. तिला हसवायला बोलावलंय. तिची कीव करायला लावलीत तर पाडव्याला आल्यावर ती तुम्हा तिघींना टपावर बसवेल आणि शेळीला आत घेईल.

समजा काही केल्या आवाज आलाच नाही, फोन बंद, टोळी दुसऱ्या गावाला हलली. मग तिच्या ओळीच्या जागी नुसता ठेका ठेवा आणि ‘अजून दोघं बसतेत’ समोरच्या पोरांकडून म्हणून घ्या. काळीपिवळीत बसलेल्या कुणाला ते शिकवावं लागणार नाही.

चालीचं ऐकून मला खरंच आनंद झाला. ‘गावठी वाटते’ म्हणतेस ती ओवी! अगं, जात्याच्या फेऱ्याला धरून हललेली चाल ती. तुमच्या जीपला आणखी कुठली शोभणार? ओवी म्हणजे नुसतं माहेरचं रडगाणं असंही समजू नकोस. नणंदेला चिमटे, सासूला टोमणे, दिराची थट्टा, सगळं त्यात दळून काढलंय बायकांनी. ओळी लहान, शेवट तोडलेला, म्हणून हसायचा शब्द नेमका टोकाला येऊन पडतो. आठ मात्रांच्या केरव्यात ती सहज बसेल. हलगी असेल तर उत्तम, नाहीतर बाक आहेच. डिक्कीच्या आईला फोनवरच एकदा पूर्ण म्हणायला सांगा आणि ते जपून ठेवा. गाण्यात वापरलं नाही तरी.

आणि कराओकेचं. सिनेमागाण्याचे शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, ध्वनिमुद्रण तिसऱ्याचं, असे तीन वेगळे हक्क असतात. तुम्ही शब्द बदललेत म्हणून चाल तुमची होत नाही. संगीतकार हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं तो हक्क चालतो. शाळेच्या कार्यक्रमात, समोर विद्यार्थी, शिक्षक आणि पालकच असताना गाणं सादर करायला कायद्यानं मोकळीक दिलीय. यूट्यूब म्हणजे शाळेचं पटांगण नव्हे. तिथं असला ट्रॅक यंत्रच ओळखतं, मग दावा लागतो, कधी व्हिडिओ बंद पडतो. ‘विडंबन आहे’ म्हणून सरसकट सूट आपल्या कायद्यात लिहिलेली नाही. तेव्हा खिडकीच्या भावाला म्हणावं, ट्रॅक राहू दे, तुझा मोबाईल आण. त्याचा मोबाईल तुमच्यापेक्षा भारी असणार.

खिडकीचं ‘बसतात’ मी दोन मिनिटांत निकालात काढते. मोठ्यानं म्हणून बघा. ‘अजून दोघं बसतात’ ही पाटीवर लिहायची सूचना वाटते. ‘बसतेत’ म्हटलं की जीप भरायला लागते. आणि पाहुणे हसतील म्हणून काढायचं? मग गाणं कशासाठी केलंय? बीडमध्ये बसतेत, परभणीत बसतेत. पाहुणेही घरी हेच बोलत असतील, स्टेजवर आले की ‘बसतात’ होतात.

आता मामांचं कडवं.

ते काढा. सगळे हसतात हे मला मान्य आहे, अडखळण्याची नक्कल केली की लोक हसतातच, त्यात तुमची काही करामत नाही. पण तू गिअर आहेस. स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुला त्यांच्याच शेजारी बसायचंय. ते कडवं तिथं, त्यांच्याकडे बघत, म्हणता येईल का तुला? उरलेली कडवी म्हणता येतील, ते स्वतःच ठेका धरतील. हे एक नाही म्हणता येणार.

आपल्याकडे हे फार जुनं आहे बघ. पैठणला नाथ महाराजांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली. त्यांत आंधळा येतो, बहिरा येतो, मुका येतो. पण सोंग घेणारा ‘मी’ म्हणून उभा राहतो, आणि टोला बसतो तो त्याच्या नि ऐकणाऱ्याच्या वागण्यावर. खऱ्या आंधळ्याला कुणी समोर आणून हसत नाही. मांडीला मामांवरच लिहायचं असेल तर त्यांचं गणित घ्या. नवाच्या जीपमध्ये सोळा झाले तरी मामांच्या हिशोबात बाकी दोनच. गणिताच्या तासाला हे उदाहरण सोडवायला दिलं तर सरांचं काय होईल, यावर एक कडवं सहज होतं. मांडीला ते जमेल. पेंडी-शेंडीला तिनं जोड दिलीच असणार, मांडी तिची आहे शेवटी.

रेकॉर्डिंगचं सांगते, यातलं बरंचसं मी माझ्या भाच्याकडून शिव्या खाऊन शिकले.

शाळेची खोली घेऊ नका. उघड्या भिंती, वर पत्रे, आवाज घुमतो आणि शब्द कळत नाहीत. विनोदी गाण्यात शब्द कळला नाही तर राहिलं काय? ज्याच्या घरी ज्वारीची पोती रचलेली खोली आहे ते घर गाठा. पोती आवाज पितात. दोरीवर दोन-तीन वाकळा टाका, दाराला एक. पंखा बंद, मोबाईल विमान मोडवर, कोंबड्या बाहेर. विहिरीवरची मोटार चालू असेल त्या वेळात बसू नका, तिची घरघर नंतर नीट काढता येत नाही.

मोबाईल हातात धरू नका. विटेवर फडकं टाकून उभा करा, तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला. सरळ समोर धरला तर ‘पेंडी’तल्या ‘प’ची आणि ‘मामी’च्या आधी सोडलेल्या श्वासाची फुर्र अशी झुळूक येते. ध्रुवपदाला सगळ्यांनी एकाच मोबाईलभोवती उभं राहायचं. जिचा आवाज मोठा तिनं दोन पावलं मागं. ती कोण हे मी विचारत नाही, तुम्हाला माहीत असेल.

आधी ठेका नि सूर रेकॉर्ड करायचा. तो एका कानात ऐकत त्यावर गायचं, दुसरा कान मोकळा. वायरचा इअरफोन घ्या. ब्लूटूथचा आवाज किंचित उशिरा पोचतो आणि सगळ्या जणी मागं पडतात. पट्टी चौघींना झेपेल अशी, पेटीवर काळी चारपासून सुरू करून बघा. जोडायला मोबाईलवर बँडलॅब फुकट आहे, शाळेत संगणक चालू असेल तर ऑडेसिटीही फुकट. डिक्कीची ओळ त्यात वेगळ्या ट्रॅकवर टाकायची, टाळ्या ठेक्याशी जुळवायच्या, मग टाळ्या कापून टाकायच्या. एक संध्याकाळ जाईल. दोन जातील.

वेग कमी ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नवीन माणूस हमखास इथंच चुकतो. आपल्याला गाणं पाठ असतं म्हणून आपण पळतो, ऐकणारा पहिल्यांदाच ऐकत असतो. शेंडी आली की चार मात्रा काही म्हणू नका, नुसता ठेका. तेवढ्यात लोक हसून घेतात. ती जागा सोडली नाही तर पुढची ओळ त्यांच्या हसण्यात वाहून जाते, आणि रेकॉर्ड केलेलं गाणं काही थांबत नसतं. पहिल्या कडव्यानंतर कमी, शेळीनंतर जास्त.

गाताना कुणाला मध्येच हसू फुटलं आणि ते खरं असलं, तर तेवढं एक ठेवा. मुद्दाम हसलेलं लगेच ओळखू येतं.

यूट्यूबचं स्नेहसंमेलन होऊन जाईपर्यंत नावच नको. नंतर टाकायचं ठरलं तर चौघींच्याही घरी विचारून, डिक्कीच्याही. चेहरे नकोत, जीपचा नंबर तर मुळीच नको. नवाच्या जीपमध्ये सोळा बसवल्याचा पुरावा तुम्हीच द्याल आणि मामांना पावती फाटेल. वहीचं पान दिसू दे पडद्यावर, हाताने काढलेली जीप, टपावर शेळी. आवाज पुरेसा आहे.

शेळीचं कडवं तू पत्रात लिहिलं नाहीस. टपावर ती चढली कशी, शिडीनं की कुणी उचलून, हे मला दोन दिवस झाले सुचेना. डिक्कीला फोन करशील तेव्हा विचारून कळव.

— ताई